गंजलेला वस्तरा आणि तोचपणाचा प्रश्न

जॉन रस्किन या इंग्रज विचारवंतानं १८७५ मध्ये शेफिल्ड शहरातल्या वॉकली भागात, टेकडीवरच्या एका लहानशा घरात संग्रहालय उघडलं. चित्रं, खनिजं, जुनी हस्तलिखितं, इमारतींवरच्या नक्षीचे साचे असा तिथला ऐवज होता, आणि तो मांडला होता दिवसभर भट्टीपुढे आणि सहाणेपुढे राबणाऱ्या कामगारांसाठी. लोखंडकामात शेफिल्डच्या कारागिरांचा हात कुणी धरू शकत नाही, असं रस्किनचं मत होतं; म्हणून त्यानं हे शहर निवडलं. याच रस्किननं पंचवीसेक वर्षं आधी, १८४९ मध्ये, ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या पुस्तकात जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धारावर तोफ डागली होती. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा पुरता नाश, आणि वर त्या नाशाबद्दल लोकांना सांगितलेली थाप, असा त्याचा रोख होता. ज्या हातांनी दगड घडवला ते हात गेले. आता नवा दगड बसवून जुनी वास्तू परत आल्याचा आव आणू नका, असं तो बजावत होता.

जुने वस्तरे हुडकून, विकत घेऊन, त्यांना पुन्हा दाढीलायक करणाऱ्यांचा आज युरोप-अमेरिकेत एक पंथच तयार झाला आहे. त्यांच्या हाती लागणाऱ्या मालात शेफिल्डचा वाटा मोठा. म्हणजे ज्या हातांची रस्किननं तारीफ केली त्याच हातांचं काम, आणि त्याच्यावर चाललेला उद्योग मात्र रस्किनला मुळीच न पटणारा! गंज घासायचा, मोडकी मूठ बदलायची, धार नव्यानं बसवायची. एवढं सगळं झाल्यावर जे हातात उरतं तो तोच वस्तरा की दुसराच? आणि दुसराच असेल, तर पैसे मोजले ते कशाचे? प्रश्न हौशी माणसाचा वाटतो खरा. पण त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला फार जुना वाद आहे.

आधी हे वस्तरे येतात कुठून ते पाहू. घडीच्या उघड्या वस्तऱ्याचं राज्य खालसा केलं ते किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्यानं. वापरून फेकून द्यायच्या पातळ पात्याची त्याची कल्पना पहिल्या वर्षी कुणी फारशी मनावर घेतली नाही. १९०३ साली त्याच्या कंपनीनं विकले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पण पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी त्याच्याकडून सुमारे ३५ लाख रेझर घेतले गेले, आणि आघाडीवरून परतलेला जवान ही नवी सवय घेऊनच घरी आला. वडिलांचा वस्तरा खणात गेला. तो तिथेच राहिला, कारण पोलादाची चांगली वस्तू फेकवत नाही आणि वापरायची तर हात बसलेला नसतो. पुढच्या पिढ्यांनी घरं रिकामी करायला काढली तेव्हा हे वस्तरे लिलावात, जुन्या वस्तूंच्या जत्रांत आणि इंग्लंडात रविवारी सकाळी मोटारींच्या डिक्क्या उघडून भरणाऱ्या बाजारांत येऊन पडले. आपल्याकडे अशा शोधासाठी पावलं मुंबईच्या चोरबाजाराकडे किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजाराकडे वळतात.

घेणारा आधी पात्याच्या देठावरचा शिक्का वाचतो. जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस, जॉर्ज वोस्टनहोमची ‘आय एक्स एल’ ही तीन अक्षरं, वेड अँड बुचरचं नाव, झोलिंगेनच्या हेंकेल्सची जुळी माणसं, बोकरचं झाड, स्वीडनमधल्या एस्किलस्टुनाचा हेल्येस्ट्रांड. शेफिल्डच्या काही पात्यांवर मुकुट असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन अक्षरं. ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ असतील तर चौथ्या विल्यमची कारकीर्द, म्हणजे १८३० ते १८३७. ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर राणी व्हिक्टोरिया. देशाचं नाव कोरलेलं असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेनं १८९० मध्ये केलेल्या मॅकिन्ले आयातकर कायद्यामुळे परदेशी मालावर मूळ देश छापणं पुढल्या वर्षापासून सक्तीचं झालं. अमेरिका हे मोठं गिऱ्हाईक. तिच्यासाठी केलेला बदल सगळ्याच मालावर उतरला. जर्मनीनं पुढे १९३८ मध्ये कायदा करून ‘झोलिंगेन’ या नावालाच संरक्षण दिलं.

नाव वाचून भाळणारे पुष्कळ असतात. जाणकार मात्र शिक्क्यानंतर लगेच धारेकडे वळतो. पातं हातात आडवं धरून तो धारेची रेषा पाहतो. ती सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली असेल तर ठीक. मध्येच आत गेलेली असेल तर आधीच्या मालकानं दगडावर मधलाच भाग घासला आहे. मग पाठ. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती शोभेसाठी नाही. दगडावर वस्तरा सपाट ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि धारेचा कोन आपोआप ठरतो; सुतार पटाशीला धार लावताना मनगटानं कोन सांभाळतो, इथे ते काम पाठ करते. पाठीवर एका बाजूला रुंद चकचकीत पट्टा आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर पातं एकतर्फी झिजलं आहे किंवा मुळातच वाकडं आहे. शेवटी तो पातं दिव्याखाली धरतो, धार डोळ्यांकडे करून, आणि सावकाश कलतं करत नेतो. बोथट जागा बारीक रेघेसारखी चमकते. खऱ्या धारेला प्रकाश परतवण्याइतकी जाडीच नसते. ती दिसत नाही. धारेपासून आत जाणारी केसाएवढी चीर दिसली, तर नाव कितीही मोठं असो, वस्तरा परत टेबलावर ठेवला जातो. गंजाचे खड्डे पात्याच्या मधोमध असतील तर सोसता येतात, धारेवर असतील तर नाही.

विकत घेतलेल्या वस्तऱ्याला धार लावायची म्हणजे पोलाद काढून टाकायचं. हजार नंबरच्या पाणदगडावर धारेच्या दोन्ही उतरणी जुळवायच्या, मग चार किंवा पाच हजार, मग आठ हजार, शेवटी बारा हजारांचा दगड किंवा बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर नैसर्गिक दगड. त्यानंतर चामडी पट्ट्यावर परजायचं, आणि ते पाठीकडून. धारेकडून ओढलं तर पट्टाच चिरतो. या सगळ्या खटाटोपात धारेचं टोक मायक्रॉनच्याही आत येतं. आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. दगडावर धार झिजते तशी पाठही झिजते. दोन्ही थोड्या थोड्या कमी होतात, पातं वर्षानुवर्षं अरुंद होत जातं, पण कोन जवळपास तोच राहतो. द्रव्य कमी होतं आणि रचना टिकते. १८४० साली ज्या धारेनं पहिली दाढी झाली त्या धारेतला पोलादाचा एक कणही आज शिल्लक नसतो. तरी कुणी त्या वस्तऱ्याला दुसरा वस्तरा म्हणत नाही.

इथून वाद सुरू होतो. प्लुटार्कनं थिसिअसच्या चरित्रात सांगितलेली गोष्ट बहुतेकांना माहीत असते. अथेन्सकरांनी त्या वीराचं जहाज जपून ठेवलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि तत्त्वज्ञांना भांडायला विषय मिळाला: जहाज तेच की नवं? सतराव्या शतकात टॉमस हॉब्जनं त्यात आणखी तेल ओतलं. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? वस्तऱ्याच्या बाजारात हॉब्जचा हा प्रसंग रोजचा आहे. एका वस्तऱ्याचं पातं उत्तम असतं, मुठीच्या पट्ट्या तडकलेल्या. दुसऱ्याचं पातं गंजानं खाल्लेलं, पण पट्ट्या शाबूत. दोन्ही खोलायचे, पितळी रिव्हेट कापायची, चांगलं पातं चांगल्या पट्ट्यांत बसवायचं आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी नवी रिव्हेट फुलवायची, की झाला एक देखणा वस्तरा तयार! विकणारा त्याला ‘मूळ अवस्थेतला’ म्हणतो. पात्याच्या बाजूनं तो खरं बोलतो, पट्ट्यांच्या बाजूनंही खरं बोलतो, आणि दोन्ही मिळून थाप मारतो.

थिसिअसच्या कोड्याला भारतीय उपखंडात फार जुनं भावंड आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याला नागसेन भिक्खू विचारतो की तुझा रथ म्हणजे नेमकं काय? चाकं, आस, दांडी, जू; यांतलं कुठलंच एकेकटं रथ नाही, आणि हे सगळं वजा केलं तर रथ उरत नाही. मग रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव ठरतं. हा संवाद घडला ते सागल नगर म्हणजे आजचं सियालकोट, असं अभ्यासक मानतात. शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी जग आज ज्या शहराकडे पाहतं तेच. नागसेनाचं दुसरं उदाहरण वस्तऱ्याला अधिक लागू पडतं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. एकीतून दुसरी आली, तो क्रम तुटला नाही, एवढंच म्हणता येतं. धारेचंही नेमकं हेच आहे. फरक इतकाच, की वस्तऱ्याच्या बाबतीत मधली साठ-सत्तर वर्षं दिवा विझलेला होता. खणात पडलेल्या वस्तऱ्यावर आज जो धार बसवतो तो ज्योत पुढे नेतो की नवी पेटवतो? नागसेनाच्या उत्तरात विझलेल्या मधल्या काळाची सोय नाही.

ती सोय अ‍ॅरिस्टॉटल करून देतो. ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्यानं कुऱ्हाडीचं उदाहरण घेतलं आहे. कुऱ्हाड ही सजीव वस्तू असती तर तोडण्याची क्षमता हाच तिचा आत्मा ठरला असता. ती क्षमता गेली तर उरते ती फक्त नावाची कुऱ्हाड. या हिशेबानं काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवलेला, गंजाला हात न लावलेला, ‘अस्सल’ वस्तरा हा नावाचाच वस्तरा. ज्याच्यावर पुन्हा धार चढली आणि ज्यानं सकाळी एका गालावरून साबणाचा फेस उतरवला, तो खरा. कारागिरानं तो घडवला होता तो याच कामासाठी. पोलाद तापवलं, पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक केलं, पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला, हे सगळं त्या एका क्षमतेसाठी. पुन्हा धार लावणारा त्या हेतूचा आदर करतो, आणि रस्किनचा आक्षेप इथे लंगडा पडतो. चर्चच्या भिंतीवरचं शिल्प झिजावं म्हणून कोरलेलं नसतं; वस्तरा मात्र झिजण्यासाठीच बनवलेला असतो.

पण रस्किनला इतक्यात निरोप देता येत नाही. धार सोडून बाकीच्या वस्तऱ्याचं काय? बाजारातले किती तरी वस्तरे आरशासारखे लखलखत असतात, आणि जाणकार नेमके त्यांच्यापासूनच लांब राहतात. विजेच्या चाकावर पॉलिश करताना गंजाबरोबर बरंच काही जातं. झोलिंगेन-शेफिल्डच्या कित्येक पात्यांवर आम्लानं कोरलेली नक्षी असते, तिच्यात पातळ सोनेरी मुलामा दिलेला असतो. घासणीच्या पहिल्या चार हातांतच तो उडतो. देठावरचा शिक्का पुसट होतो. सहाण चालवणाऱ्या कारागिरानं पात्यावर सोडलेल्या बारीक समांतर रेघा, म्हणजे त्या माणसाच्या हाताचा एकमेव शिल्लक पुरावा, कायमच्या जातात. चाकावर पातं तापून धारेजवळ निळसर झालं तर पोलादाचा कडकपणाही जातो, आणि मग अ‍ॅरिस्टॉटलही मदतीला येत नाही: लखलखीत दिसणाऱ्या त्या वस्तऱ्याला धार लागते, पण टिकत नाही. अशा वस्तऱ्याबाबत रस्किनचा शब्द न शब्द खरा ठरतो. वस्तूचा नाश झाला आहे, आणि वर तिच्या नव्या जन्माची जाहिरात चालली आहे.

उलट काहीच करायचं नाही असं ठरवलं तर काय होतं, त्याचं उत्तर सेल्युलॉइड देतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हस्तिदंत, कासवाचं कवच, शिंग यांना स्वस्त पर्याय म्हणून हे नवं द्रव्य आलं. जॉन वेस्ली हायट या अमेरिकनाचं त्यावरचं पेटंट १८७० चं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनलेलं सेल्युलॉइड हुबेहूब हस्तिदंतासारखं दिसतं, पण जुनं झालं की आतून विघटित होऊ लागतं. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याबरोबर त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि मिटलेल्या मुठीत पहुडलेलं पातं ते आम्ल गिळत राहतं. असा वस्तरा ओळखायची खूण सोपी आहे. मुठीच्या पट्टीवर पिवळट, ढगाळ, बारीक चिरांनी भरलेला डाग असतो. वस्तरा उघडला की पात्यावर नेमक्या त्या डागासमोर लाल गंज दिसतो, बाकी पातं स्वच्छ. आता ‘मूळ अवस्था’ जपायची म्हणून ती मूठ तशीच ठेवली तर मूठ पातं खाऊन टाकते, आणि ज्या पेटीत तो ठेवला असेल तिथल्या शेजारच्या वस्तऱ्यांनाही सोडत नाही. इथे मूठ काढून फेकणं हाच वस्तऱ्याचा बचाव. जपणं म्हणजे काही न करणं, हे समीकरण सेल्युलॉइडपुढे टिकत नाही.

पाऊणशे ते दोनशे वर्षांची वस्तू घेताना तिच्याबरोबर आणखी काय घरात येतं, हा नीतीचाही प्रश्न आहे. मुठीच्या पट्ट्या हस्तिदंताच्या असतील तर तो हत्ती मेल्याला शतक उलटून गेलं असतं. घेणारा म्हणतो, आता न घेऊन हत्ती परत येणार आहे का? कायदा या युक्तिवादाला दाद देत नाही, कारण जुन्या हस्तिदंताच्या आडून नवं विकलं जातं. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून अमलात आला. १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना त्यात सवलत आहे. दोन्ही पट्ट्या हस्तिदंताच्या असलेला वस्तरा त्या मापात बसणं कठीण. भारतात तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापारच बंद आहे. पट्टीवर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसली तर ते हस्तिदंत, बारीक काळे ठिपके दिसले तर हाड. एवढं घेणाऱ्याला कळलंच पाहिजे.

हत्तीची गोष्ट निदान बोलली तरी जाते. सहाणेपुढच्या माणसाची फारशी बोलली जात नाही. शेफिल्डमध्ये पाती घासणारे कामगार वालुकाश्माच्या मोठ्या फिरत्या चाकावर ओणवे बसत. कोरड्या चाकावर काम असेल तर दगडाची आणि पोलादाची धूळ थेट छातीत जाई. कॅल्व्हर्ट हॉलंड या डॉक्टरनं १८४३ मध्ये या कामगारांच्या फुप्फुसांच्या आजारावर पुस्तकच लिहिलं. काट्या-चमच्यांतले काटे कोरड्या चाकावर घासणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट, पण वस्तरे घासणारेही त्यातून सुटले नव्हते. कित्येकांनी चाळिशी पाहिली नाही. रस्किननं ज्यांच्यासाठी टेकडीवर संग्रहालय थाटलं ते हेच लोक. त्यांनी पात्यावर सोडलेल्या रेघा चकचकाटासाठी घासून टाकताना, त्या कशाच्या मोलानं आल्या आहेत हे माहीत असलेलं बरं.

अमेरिकेनं देशाचं नाव छापायला लावलं त्याच १८९० साली मुंबईत वस्तऱ्याच्या इतिहासातली एक वेगळीच घटना घडली. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक समाजातली मंडळी एकत्र आली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. धर्माच्या नावाखाली चाललेली रूढी, तिच्यासाठी लागणारं हत्यार यांच्या धोकटीत, आणि ते त्यांनी बाहेर काढायचं नाकारलं. अ‍ॅरिस्टॉटलच्या व्याख्येला इथे मर्यादा पडते. कापण्याची क्षमता वस्तऱ्यात असते. कुठे कापायचं नाही हे त्याच्यात नसतं. एखाद्या जुन्या मराठी घरात त्या काळातली धोकटी निघाली, तर तिच्यातल्या वस्तऱ्याचं वय शिक्क्यावरून सांगता येईल, पण त्यानं कुणाचे केस उतरवले आणि कुणाचे उतरवायला नकार दिला हे कुठलाही शिक्का सांगणार नाही. ते माणसांच्या आठवणीतून आणि कागदपत्रांतूनच शोधावं लागतं. वस्तू तीच राहिली तरी तिचा अर्थ तिच्याबरोबर आपोआप येत नाही.

यापेक्षा साधी, घरातली शंका म्हणजे विटाळाची. कुण्या परक्या, मेलेल्या माणसाच्या गळ्यावरून फिरलेला वस्तरा आपल्या गळ्याला लावायचा? धर्मशास्त्रकारांनी ही शंका हसण्यावारी नेलेली नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीत द्रव्यशुद्धीचा स्वतंत्र विचार आहे, आणि लोखंड-तांब्याच्या वस्तू क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी शुद्ध होतात असा निर्वाळा आहे. मातीच्या भांड्यासारखा धातूचा त्याग करावा लागत नाही. आजचा दुरुस्ती करणाराही तेच करतो, फक्त बाटल्या बदलल्या आहेत: साबण आणि कोमट पाणी, मग सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल किंवा सलूनमधलं जंतुनाशक. मूठ खोलून रिव्हेटच्या आतला शंभर वर्षांचा साबण-मळ काढणं हा शुद्धीचा खरा भाग. वरवर पुसून ते होत नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीनं आपल्याकडची सलूनं अर्ध्या पात्याच्या वस्तऱ्याकडे वळली ते योग्यच होतं. दुरुस्त केलेला जुना वस्तरा एकाच माणसानं वापरावा.

शेवटची शंका सर्वांत अवघड, कारण ती घेणाऱ्याच्या स्वभावाची आहे. एक वस्तरा घेतलेला माणूस एकावर थांबत नाही. शेफिल्डचा झाला की झोलिंगेनचा हवा, मग स्वीडनचा, मग सात वारांचा संच. हे संच खरोखरच असत: एका पेटीत सात वस्तरे, प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचं नाव, म्हणजे प्रत्येक धारेला आठवडाभर विसावा. त्यातल्या ‘रविवार’वर मात्र धर्माची करडी नजर होती. डंडी शहरातल्या एका न्हाव्याच्या शिकाऊ पोरानं रविवारी गिऱ्हाइकांची दाढी करायला नकार दिला. प्रकरण थेट ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, आणि १८३७ मध्ये निकाल लागला की रविवारची दाढी हे अत्यावश्यक काम नाही, सबब त्या मुलाला सक्ती करता येणार नाही.

संग्रहाच्या हावेवर बौद्ध विनयाइतकं काटेकोर उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. भिक्खूनं बाळगायच्या आठ वस्तूंत वस्तरा आहे: तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळायचं फडकं. वस्तरा चालतो, पण एक. विनयात सर्वश्रेष्ठ मानला गेलेला उपाली स्वतः शाक्यांचा न्हावी होता. शाक्य राजपुत्रांनी आग्रह धरून त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे रोज त्याला वंदन करताना कुळाचा ताठा उतरेल. आणि तरीही विनयात एक नियम असा, की जो पूर्वी न्हावी होता त्यानं भिक्खू झाल्यावर हजामतीचं साहित्य बाळगू नये. आतुमा गावातल्या एका म्हाताऱ्या भिक्खूनं बुद्धांच्या पाहुणचारासाठी आपल्या दोन मुलांना न्हाव्याचं साहित्य देऊन घरोघर शिधा गोळा करायला पाठवलं होतं; त्यावरून हा नियम आला. हत्यार तेच, एकाच्या हातात साधन आणि दुसऱ्याच्या हातात जुन्या धंद्याची ओढ. जैन मुनी तर याच्याही पलीकडे जातात. ते केशलोच करतात, हातांनी केस उपटतात, आणि वस्तऱ्याची गरजच मिटवून टाकतात.

मुनींची वाट सगळ्यांना झेपणारी नाही, आणि कुणी ती धरावी असं इथे सुचवायचंही नाही. पण या सगळ्या वादांतून जुन्या वस्तऱ्यासाठी एक व्यवहार्य निवाडा निघतो. धार बदलत राहावी, कारण वस्तऱ्याचं तोचपण त्या बदलातच आहे. जिथे काम अडत नाही तिथे हात लावू नये: शिक्का, नक्षी, मुलामा, पात्यावरच्या रेघा, गंज गेल्यावर उरलेली करडी छटा, हे सगळं जसंच्या तसं राहू द्यावं. मूठ पात्याला खात असेल किंवा तडकून हातात मोडत असेल तर बदलावी, आणि विकताना तसं सांगावं. नव्या मुठीत काही खोटं नाही; न सांगण्यात आहे.

तुमच्या घरात आजोबांचा वस्तरा किंवा एखादी जुनी धोकटी असेल तर आज एवढंच करा. सेल्युलॉइडची मूठ असल्याचा संशय आला तर तो वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर ठेवा. पातं कोरड्या मऊ फडक्यानं पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि पॉलिशच्या चाकाजवळ नेऊ नका. तो कुणाचा होता, कुठून आला, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून, एका कागदावर लिहून सोबत ठेवा.